साडभाऊंची गोठलेली गावं

अकोल्याच्या उन्हाळ्यात जो तो स्वतःला थंड ठेवायच्या खटपटीत असतो. स्वतःला सोडून दुसऱ्याच कुणाला तरी थंड ठेवण्यात ज्याची उभी हयात गेली, असा माणूस माझ्या पाहण्यात एकच, आणि तो माझा साडभाऊ, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मी अमरावतीला वकिली करतो; ते अकोल्याला जनावरांच्या विषाणूंवर संशोधन करत. करत म्हणजे नेमकं काय करत, हे सासरी कुणाला शेवटपर्यंत कळलं नाही. सासूबाई ‘मोठे जावई ढोरांचे डॉक्टर’ एवढं सांगून मोकळ्या होत आणि पाहुणे लगेच आपल्या म्हशीचं गाऱ्हाणं मांडत. साडभाऊ सगळं ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, “म्हशीचं मले काही समजत नाही बावा. तिच्या अंगातून एखादा विषाणू निंगाला तर सांगजा.”

त्यांचा विषय शेळ्यामेंढ्यांना होणारा देवीचा रोग. गावोगाव हिंडून आजारी शेळीच्या अंगावरच्या खपल्या आणायच्या, त्यातला विषाणू काचेच्या बाटलीतल्या जिवंत पेशींवर वाढवायचा, त्याचं एक जनुक अक्षर-अक्षर वाचून काढायचं आणि मग त्याला बोटाच्या पेराएवढ्या कुपीत घालून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवून द्यायचं. या एकाच जनुकाचा त्यांनी जन्मभर पिच्छा पुरवला. त्यातून लस निघावी अशी इच्छा होती. पण लस दुसऱ्या कुणी दुसरीकडे काढली. मी हळहळलो, तर म्हणाले, “निंगाली न? बकऱ्या वाचल्या म्हणजे झालं.” आणि पेशींची सेवा तर एखाद्या सासुरवाशिणीला लाजवील अशी. त्यांना वेळच्या वेळी खायला घालावं लागतं, तिथे रविवार नाही की दिवाळी नाही. माझ्या मेहुण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी मूठभर अक्षता माझ्या हातात कोंबल्या. “वकील, माह्या वाटच्याही तुमीच टाकजा. माह्या पेशी उपाशी हायेत,” म्हणाले आणि मांडवातून नाहीसे झाले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, मला म्हणाल्या, “माझ्या जेवणाची इतकी आठवण ठेवली असती तर!” पण हसून म्हणाल्या.

ज्या गावच्या शेळीत विषाणू सापडला, त्या गावाचं नाव त्या विषाणूला, ही त्यांची रीत. त्यामुळे साऱ्या वऱ्हाडाची ओळख त्यांना आजारांतून झालेली. मूर्तिजापूर म्हटलं की लोकांना रेल्वे आठवते. यांना आठवतो एक नाजूक प्रकृतीचा विषाणू, जरा दुर्लक्ष झालं की माना टाकणारा. माझ्या मुलीच्या सोयरिकीसाठी आम्ही धामणगावला गेलो, तेव्हा वडीलधारे म्हणून मी त्यांना बरोबर नेलं. मुलाचे वडील म्हणाले, “आमी मूळचे हिवरखेडचे.” साडभाऊंचा चेहरा उजळला. “हिवरखेड! वाः! कितीक वर्सांपासून सांभाळून राहिलो मी हिवरखेड. असा चिवट वाण साऱ्या वऱ्हाडात नाही. काही करा, मरत नाही!” मी त्यांचा पाय दाबला, पण तोवर त्यांनी बकरी, खपल्या, फोड यांचं साग्रसंगीत वर्णन सुरू केलं होतं. सोयरीक मोडली असं मी मनाशी धरून चाललो, तेवढ्यात कोपऱ्यातून मुलाची आजी म्हणाली, “थे बकरी आमचीच असन बाप्पा.” सगळे हसले आणि लग्न ठरलं.

साडभाऊ निवृत्त झाले तेव्हा प्रश्न त्या फ्रीजरचा आला. जिवंत विषाणू वाऱ्यावर सोडता येत नाहीत. जबाबदारी घेणारा कुणी हवा, नाहीतर ते नष्ट करायचे, असा नियम. साडभाऊंनी ठिकठिकाणी विचारलं. कुणाकडे जागा नव्हती, कुणाकडे माणूस नव्हता. त्यांच्या जागी आलेली मुलगी त्यांचीच विद्यार्थिनी, हुशार आणि मायाळू. ती म्हणाली, “सर, सगळ्यांचे जनुकक्रम कॉम्प्युटरवर आहेत. आता कुप्या कशाला?” साडभाऊ म्हणाले, “पत्रिका हाये म्हणून पोरगं फेकून देता काय वो?” पण फ्रीजरची जबाबदारी घेणं तिच्या हातात नव्हतं.

शेवटी कुप्या नष्ट करायचं ठरलं, आणि त्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. मी दारातून पाहत होतो. एकेक कुपी काढायची, तिच्यावरचं गाव मोठ्याने वाचायचं आणि जाळीच्या टोपलीत ठेवायची. टोपल्या भरल्या तशा त्यांनी त्या निर्जंतुक करायच्या यंत्रात ठेवल्या. ते यंत्र म्हणजे आपल्या प्रेशर कुकरचा थोरला भाऊ. झाकण आवळून त्यांनी बटण दाबलं आणि बाहेर येऊन पायरीवर बसले.

“वकील,” ते म्हणाले, “मले जिंदगीभर पगार कायचा भेटला? याइले माराचा रस्ता शोधाचा. आज समदे मारून टाकले. मंग मले खुशी काहून नाही होऊन राहिली?”

मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. आत रिकाम्या फ्रीजरचं दार उघडं होतं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी फरशीवर येत होतं. ते पाहून साडभाऊ उठले, फडकं शोधलं आणि खाली बसून फरशी पुसू लागले.