नव्व्याण्णवावा भाग शेवटी

जुना पाव संपल्याशिवाय नवा फोडायचा नाही, हा नियम तुमच्या घरात कोणी केला, आणि तुम्ही तो निमूटपणे का पाळता? आमच्या नात्यात तो माझ्या मामांनी केला. रहाटणीपासून चाकणपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात रांगेवर मामांइतकं निष्ठेनं प्रेम करणारा माणूस आजवर झाला नाही, आणि पुढे कोणी व्हायचा असेल तर त्याला मामांच्या मागे उभं राहावं लागेल. मामांचं घर रहाटणीला, आणि चाकणच्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे. स्टोअरचा धर्म एकच: जो माल आधी आला तो आधी बाहेर. कारखान्यात याला फिफो म्हणतात. बाकीचे लोक शिफ्ट सुटली की फिफो गेटवर ठेवून येतात. मामा तो कंपनीच्या बसमधून रोज घरी आणायचे. त्यामुळे त्यांच्या घरात ताजा पाव कोणी खाल्लेला नाही. पाव रोज येतो, पण कालचा शिल्लक असतो, आणि कालचा संपेपर्यंत आजचा शिळा होतो. मामी म्हणतात, "लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात आज उजाडलेलाच नाही. आम्ही काल खातो."

मामांचे शर्ट एका दांडीवर ओळीनं टांगलेले असतात. डावीकडचा काढायचा, धुऊन आला की उजवीकडे लावायचा. एकदा शेजारच्या इमारतीत मयत झालं तेव्हा मामा पोपटी शर्ट घालून गेले. परत आल्यावर मामींनी कपाळाला हात लावला, तर हे म्हणाले, "त्याचा नंबर होता. पांढऱ्याला अजून तीन दिवस आहेत." पाहुण्यांनाही तोच नियम. दुपारी दुसरे पाहुणे आले की सकाळी आलेल्यांना मामा स्वतः चप्पल शोधून देतात. काळेवाडी फाट्यावर कंपनीच्या बससाठी उभे राहत तेव्हा कोण आधी आलं, कोण नंतर, हे ते ध्यानात ठेवायचे आणि हात आडवा धरून एकेकाला वर सोडायचे. एकदा असं सगळ्यांना सोडता सोडता बस निघून गेली आणि मामा फाट्यावरच राहिले. त्याची त्यांना खंत नव्हती. बस योग्य क्रमानं भरून गेली होती.

या क्रमाला घरातलं माणूस आडवं येईपर्यंत सगळं हसण्यावारी जात होतं. मामांना दोन मुलं. थोरला दादा आणि धाकटी ताई. दोघंही माझ्याहून मोठी. दादा एका कारखान्यात कंत्राटावर आहे, आणि कंत्राटी मुलाबद्दल लोक जे विचारतात ते विचारून स्थळं परत जायची. ताईचं मात्र तिच्या ऑफिसातल्या एका मुलाशी जमलं. मुलगा सरळ, घरचे लोक समजूतदार. मामांना त्याच्यात खोट सापडेना, आणि खोट काढणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम होतं. तरी ते म्हणाले, "पोरगं चांगलं आहे. पण आधी दादाचं. दादा आधी आलाय."

ताई म्हणाली, "पप्पा, मी काय खोका आहे?"

"खोका असतीस तर नंबरात राहिली असतीस."

दादा कोपऱ्यात जेवत होता. तो म्हणाला, "माझ्यासाठी कोणाला थांबवू नका, पप्पा. मी डेड स्टॉक आहे. मला भंगारात काढा आणि तिची गाडी सोडा."

मी त्या वेळी तिथेच होतो, आणि मी ताईच्या बाजूचा होतो. आजही आहे. माझे वडील कारखान्यांच्या गेटवर युनियनची पत्रकं वाटायचे. मी अक्षरं ओळखायला शिकलो ती त्याच पत्रकांवर, आणि आता स्वतः लिहितो. तेव्हा मी मामांना पत्रकाच्या भाषेत सुनावलं. म्हटलं, "जन्मावरून माणसाचा नंबर लावायचा नाही, म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनी धर्म बदलला. आणि तुम्ही घरातच जन्मावरून नंबर लावताय?" मामा माझ्या पिशवीकडे बघायला लागले. मला वाटलं, लागलं. मग ते म्हणाले, "पत्रक चांगलं आहे, भाच्या. पण मागच्या सभेची पत्रकं तुझ्या पिशवीत अजून पडून आहेत. ती आधी संपव."

ताईनं दोन वर्षं वाट पाहिली आणि मग काळेवाडीच्या बुद्धविहारात लग्न केलं. मामी गेल्या, मी गेलो, दादानं तर धावपळ करून सगळ्यांना वाढलं. मामा गेले नाहीत. "दादाचं झालं की जाईन तिच्याकडे," एवढंच म्हणाले. त्यात राग नव्हता, हे त्यातलं सगळ्यात वाईट. रागावलेला माणूस कधीतरी शांत होतो. नियम पाळणारा माणूस आधीपासूनच शांत असतो, त्याचं काय करणार? ताई रावेतला राहायला गेली. रहाटणीहून रावेत म्हणजे रिक्षेनं अर्धा तास. मामा त्या दिशेला फिरायलासुद्धा जाईनात. दरम्यान ते निवृत्त झाले, आणि क्रम लावायला घरात फक्त पाव आणि शर्ट उरले.

अशात त्यांना ताईच्या कपाटात एक पेनड्राइव्ह सापडला. त्यात एक जपानी मालिका होती. ताई शाळेत असल्यापासून ती बघायची आणि मामा तिला "ते चिनी कार्टून बंद कर" म्हणून ओरडायचे. हिरवा मफलर घातलेला एक मुलगा वारा कुठून येतो ते शोधायला घर सोडतो. त्याच्याबरोबर एक लंगडा मास्तर आणि स्वयंपाक करणारी एक भांडखोर मुलगी. एवढ्याशा गोष्टीचे तीनशेहून जास्त भाग, आणि सगळे जपानी लोक हिंदीत बोलणारे. मामांनी कोणाला न विचारता पेनड्राइव्ह टीव्हीच्या पाठीत खोचला आणि रोज दुपारच्या चहानंतर बघायला सुरुवात केली.

इथे एक तांत्रिक भानगड झाली. ताईनं प्रत्येक भागाला नाव म्हणून नुसता आकडा दिला होता. मामांचा जुना टीव्ही आकडे मोजत नाही, शब्दकोशासारखे लावतो: एकानं सुरू होणारे सगळे आधी, मग दोनानं सुरू होणारे. म्हणजे पहिल्या भागानंतर दहावा, मग थेट शंभरावा, एकशे एकावा, असं करत एकशे नववा, आणि त्यानंतर अकरावा. दुसरा भाग यायचा तो एकानं सुरू होणारे सगळे संपल्यावर. जन्मभर माल क्रमानं काढलेल्या माणसासमोर टीव्ही असा माल ओतत होता, आणि मामा विश्वासानं बघत होते. पहिल्या भागात मुलगा बारा वर्षांचा, शंभराव्यात त्याला मिशी. मामांना त्याचं आश्चर्य वाटलं नाही. म्हणाले, "जपानी लोक वेळ घालवत नाहीत." मग एकशे पाचव्या भागात लंगडा मास्तर मेला. त्या दिवशी मामा जेवले नाहीत. पण चारपाच दिवसांनी अकरावा भाग लागला आणि त्यात मास्तर शेवया खात बसलेला. मामांनी मला फोन केला.

"भाच्या, तिला म्हणून नाही, असंच विचार. मास्तर मेला होता, तो परत कसा आला?"

"तिला म्हणजे कुणाला, मामा?"

"ज्याला माहीत असेल त्याला विचार. मी कुठं नाव घेतलं?"

महिन्याभरानं मला वेळ मिळाला, तेव्हा मी रावेतला गेलो. ताईनं दार उघडलं, मी निरोप सांगितला, आणि ती दारातच हसत सुटली. मग हसायची थांबली आणि म्हणाली, "पप्पा बघतायत?"

"रोज."

"कुणी लावून दिलं?"

"कुणी नाही. स्वतःच."

ती आत गेली, पाणी पिऊन आली आणि एकदम वकिलासारखी बोलायला लागली. या मालिकेच्या क्रमावरून लोकांच्या मैत्र्या तुटल्या आहेत, हे मला माहीत होतं. माझ्या ओळखीत दोन मुलं आहेत, एक म्हणतो भाग जसे टीव्हीवर आले तसेच बघावेत, दुसरा म्हणतो गोष्टीच्या काळाप्रमाणे लावून बघावेत, आणि दोघं चिंचवडच्या एकाच टपरीवर पाठ फिरवून चहा पितात. ताई पहिल्या गटातली, कट्टर. तिनं क्रम सांगितला: एक, दोन, तीन असंच सरळ जायचं. मालिकेवरचे सिनेमे शेवटी. आणि ज्या भागांत गोष्ट पुढे सरकत नाही, नुसती भरती असते, ते फिलर सरळ सोडून द्यायचे. "पप्पांना सांग, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. आतापर्यंत बघितलं ते सगळं चूक आहे."

मी ते तसंच सांगितलं. मामा म्हणाले, "जसा माल आला तसा काढला." मग मी मला फार दिवसांपासून म्हणायचं होतं ते म्हणालो, "मामा, हा फिफो नाही. शंभरावा दुसऱ्याच्या आधी बाहेर पडलाय."

स्टोअरमध्ये माल मोजताना एक खोका कमी भरावा, तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी रिमोट हातात घेतला, पडद्यावरचे आकडे वरपासून खालपर्यंत वाचले, पुन्हा वाचले. दादा आणि मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता पहिल्यापासून. पण मामांनी पुढचाच भाग लावला, एकशे बेचाळिसावा.

"अहो, चूक आहे म्हणतोय ना तो," मामी म्हणाल्या.

"ऐकलं. पण मास्तर मेलेला मी बघितलाय. आता सरळ गेलो तर तो मरेपर्यंत जीव टांगणीला. असं बघितलं की मेल्यावरसुद्धा अधूनमधून भेटतो." मग ते म्हणाले, "आणि शंभरावा आधी बघितला म्हणून दुसऱ्याचं काय बिघडलं? दुसरा कुठं पळून गेला? त्याचा येईल तेव्हा येईल."

दादा हळूच म्हणाला, "पप्पा, हे जरा पुन्हा म्हणा."

मामांनी पुन्हा म्हटलं नाही. टीव्हीचा आवाज वाढवला.

त्यानंतर मामांचे निरोप वाढले. मुलगी इतकी भांडते का, मफलर कोणी विणला, मास्तर लंगडा कशानं झाला. ताईची उत्तरंही वाढली. मध्ये मी. मोबाईल असताना दोन माणसं माझ्यामार्फत बोलत होती, आणि मी पत्रक वाटावं तसा रहाटणी–रावेत करत होतो. मालिकेचा खरा शेवट मामांनी मध्येच कधीतरी बघून टाकला. वारा कुठून येतो ते मुलाला सापडलं, मामा "बरं" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुढचा भाग लावला. मग चारानं सुरू होणारे भाग आले, पाचानं, सहानं. तिथून पुढे भाग जवळजवळ ओळीनं लागायला लागले, तसे मामा तक्रार करू लागले, "आता पहिल्यासारखी मजा नाही राहिली. काय होणार ते कळतं."

आणि अठ्ठ्याण्णवाव्या भागानंतर ते थांबले. टीव्हीच्या हिशेबानं एकच उरला होता, नव्व्याण्णवावा. चहा झाला की मामा टीव्हीसमोर बसत आणि टीव्ही लावत नसत. मामींचा मला फोन आला, "शेवटचा राहिलाय आणि हे बघत नाहीत. नुसते बसतात. तू ये." मी गेलो, तर मामा म्हणाले, "विचार, नव्व्याण्णवाव्यात काय आहे." मी तिथूनच ताईला फोन लावला. ती म्हणाली, "तो? तो फिलर आहे. मी कधी बघितलाच नाही."

मी फोन खाली ठेवून सांगितलं. मामा शर्टांच्या दांडीकडे बघत राहिले. "म्हणजे तिलाही नवाच," ते म्हणाले. "रविवारी ये म्हण. जावयालाही आण म्हणावं. एकटी नको."

रविवारी ताई आणि तिचा नवरा आले. मामांनी दोघांच्या चपला स्वतः नीट लावून ठेवल्या, बाहेर काढून ठेवल्या नाहीत. मामी चहा ठेवत होत्या. डब्यात शनिवारचा पाव होता, तो मी पाहिला. मामा सकाळी बेकरीतून आणलेला पाव घेऊन आले, गरम होता, कागदाला वाफ धरलेली. त्यांनी तो सगळ्यांच्या समोर फोडला आणि पहिला तुकडा ताईच्या बशीत ठेवला. मामींच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. दादानं डब्याकडे बोट केलं, "पप्पा, कालचा आहे की अजून." मामा म्हणाले, "तू खा. तू आधी आलायस." दादा इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि त्या गडबडीत ताईनं डोळे पुसून घेतले.

मग भाग लागला. त्यात काहीच घडत नाही. सगळे नदीकाठी थांबलेत, मुलाचा मफलर काठीवर वाळत घातलाय, मुलगी भात शिजवतेय आणि मास्तर पेंगतोय. कोणी लढत नाही, कोणी कुठे जात नाही. भात होतो, सगळे जेवतात, संपतं.

"झालं?" मामांनी विचारलं.

"नाही हो पप्पा. अजून सगळं व्हायचंय. मास्तर अजून जिवंत आहे."

"माहितीये," मामा म्हणाले. "म्हणून तर इथंच थांबवू."

दादाचं अजून जमलेलं नाही. सोमवारी मामांच्या घरी पुन्हा कालचाच पाव होता, आणि शर्ट डावीकडूनच निघतात. एका रविवारानं माणूस बदलत नाही, हे मला कळतं, आणि मला ते पटत नाही. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागतो. आज संध्याकाळी घरी नवा पाव आणलात, तर तो आजच फोडा. डब्यात काल असेल तर असू दे. आणि तुम्ही ज्याला रांगेत मागे उभं करून ठेवलंय, त्याला आधी फोन करा, पाव गरम आहे तोवर.