टू-टू, सेव्हन्टीन आणि जिमच्या खारी

शनिवारी बंदुका घेऊन खारी मारायला जाणाऱ्यांकडे खारी कमी आणि किस्से जास्त जमतात. आमचं तरी असंच झालंय!

आम्ही तिघे सांता क्लारातले इंजिनीअर: मी, नागपूरचा मिलिंद आणि पुण्याचा सुमीत. दोन तासांवर म्हाताऱ्या जिमची बदामाची बाग आहे. तिथल्या खारी जमिनीत बिळं करतात आणि ठिबकच्या नळ्या कुरतडतात. नवी झाडं वाळायला लागली, म्हणून जिमने आम्हाला बोलावलं. आठवड्यात स्क्रीन नसलेला हा एकच दिवस, त्यामुळे आमचा त्यावर भारी जीव.

*

मिलिंदकडे पॉइंट टू-टू रायफल. एनसीसीत तो तिच्यावरच शिकला. सुमीतकडे सेव्हन्टीन. तिची गोळी बारीक, पण सुसाट आणि सरळ जाते. टू-टूची शंभर यार्डांवर जवळजवळ वीतभर खाली येते.

"तुझी गोळी पोचेपर्यंत खार नातवंडांची तोंडं बघते यार!" सुमीत म्हणाला.

"अन् तुझा आवाज ऐकून अख्खी कॉलनी बिळात जाते, त्याचं काय बे?" मिलिंद म्हणाला.

*

वाद मिटवायला सुमीतने स्प्रेडशीट केली आणि बागेतच लॅपटॉप उघडून तासभर प्रेझेंट केली. (स्क्रीन नसलेला दिवस म्हणालो ना मी!) तेवढ्यात मागे एका खारीने त्याच्या बंदुकीच्या कव्हरचा पट्टा कुरतडला.

शेवटचा रकाना मिलिंदने भरला: "खार एक, सेव्हन्टीन शून्य."

*

पुढच्या खेपेला मिलिंदचा नेम हुकला आणि गोळी थेट ठिबकच्या नळीत! जिम उडालेल्या कारंज्याकडे बघत राहिला.

"हे खारींना जमतं. त्यासाठी तुमची गरज नाही," तो म्हणाला. "एक शनिवार देतो. नाही जमलं तर दुसरी माणसं बघतो."



*

त्या शनिवारी पुण्याहून आलेले सुमीतचे वडील, म्हणजे आमचे काका, सोबत होते. आम्ही दोन तास पोटावर पडून होतो, एक खार दिसेना. काकांना भूक लागली. त्यांनी झाडाखाली डबा उघडला आणि रोजच्या सवयीने पहिला घास मुक्या जिवांसाठी बाजूला ठेवला. पोळीचा तुकडा, चार शेंगदाणे.

एक खार आली. मग तीन. काका शेंगदाणे ठेवत गेले. बघता बघता अकरा जणी पंगतीला बसल्या! मधोमध काका, त्यामुळे आम्ही बंदुका रिकाम्या करून खाली ठेवल्या.

नेमकी तेव्हाच जिमची गाडी आली. त्याने पंगत पाहिली. संपलं, आता बाग गेली, असं मला वाटलं.

"मग? सेव्हन्टीन की टू-टू?" त्याने विचारलं.

"रोस्टेड पीनट्स," काका म्हणाले आणि त्याच्यापुढे डबा धरला.

सोमवारी जिमचा मेसेज आला: "पिंजरे आणलेत. शनिवारी या. बंदुका नकोत, काका आणा."