रुआन मेइदीचा पाण्याचा पेला

पडदा वर जातो तेव्हा चीनमधल्या शाओशिंगच्या वेशीबाहेरचा कालवा दिसतो. आज तो लाल आहे, काल निळा होता. काठावर एकाखाली एक अशी तीन मातीची पिंपं, आणि वरच्या पिंपात लाल पाण्याची बादली ओतणारी रुआन मेइदी. आमच्या नाटकमंडळीच्या कपडेपटाची धुणी हिच्याकडे असत.

मी तीस वर्षं तरुण पंडितांच्या भूमिका केल्या. आमच्या नाटकांत पुरुषही आम्ही बायकाच होतो. पंडिताच्या पांढऱ्या रेशमी बाह्या हाताच्या खाली वीतभर लोंबतात, सगळं रडणं-रुसणं त्यांच्यातच. मेइदी त्या कालव्यात धुवायची. काठावर कापड रंगवण्याचा कारखाना आला आणि बाह्या गुलाबी होऊन परत आल्या.

"घ्या पंडित," ती म्हणाली. "आज विरहाऐवजी लग्नाचा प्रवेश करा."

मग तिने भाताचं तूस करपवून त्याचा कोळसा केला, धुऊन पिंपांत भरला. रंग कोळशाला चिकटायचा, खालून नितळ पाणी यायचं. कोळसा रंगाने भरून गेला की नवा घालायचा. आणि जुना? तुसाची राख शेतात टाकायची, ही आमच्याकडे पणज्यांपासूनची रीत. मेइदीनेही तो मुळ्याच्या वाफ्यात पसरला. तीन दिवस झड लागली, आणि रंग झिरपून सहा घरांच्या विहिरीत उतरला. विहिरीशी उभी राहून तिने स्वतःला ज्या शिव्या दिल्या, त्या मी कुठल्याच नाटकात ऐकल्या नाहीत. तेव्हापासून वापरलेला कोळसा पोत्यांत भरून ती आपल्याच खोलीत ठेवू लागली.

गावाने कारखान्याविरुद्ध तक्रार केली. तपासणीच्या सकाळी तिथले व्यवस्थापक ताओ टोपलीभर संत्री घेऊन तिच्या दारात उभे.

"मावशी, साहेबांना फक्त एक पेला दाखवायचा. पाणी कालव्याचंच आहे, त्यात खोटं काय?"

"आणि तक्रार?"

"पाणी नितळ दिसल्यावर कसली तक्रार?"

मेइदीने पेला भरला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांची ओळख, आणि ही संत्र्यांवर वाकली?

अधिकाऱ्याने पेला उजेडात धरला. "हे कालव्याचं? एवढं स्वच्छ?"

"आमच्या मावशींची कमाल," ताओ म्हणाले. "थोडं तूस, बस्स. उगाच बोभाटा करतात लोक."

मेइदीने अधिकाऱ्याचं मनगट धरलं आणि त्याला सरळ खोलीत नेलं. पोती आढ्याला टेकली होती. अंथरूण दारात आलं होतं. आम्ही सगळे मागे दाटीने उभे. तिचा आवाज चढला नाही, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

"एका पोत्यात तीस बादल्या स्वच्छ होतात, साहेब. तुम्ही पेला बघत होतात तेवढ्यात यांच्या नळातून त्याहून जास्त वाहून गेलं. त्याची पोती कुणाच्या खोलीत रचायची ते यांना विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत इथून हलू नका."