दहावी लाइन

"लोक जेवणार कुठे आणि जाणार कुठे, ते आधी सांगा," हे टिपणीस काकूंचं आमच्या बैठकीतलं पहिलं वाक्य. देवासला माझ्या घराच्या गच्चीवर आम्ही सहा-सात जण लॅपटॉप उघडून बसलो होतो. आमच्यातल्या चिन्मयने मैदानाचा नकाशा काढून त्यावर सिग्नलची रंगीत वर्तुळं टाकली होती आणि आम्ही सगळे त्या वर्तुळांच्या प्रेमात होतो. काकूंनी चष्मा नाकावर सरकवून नकाशा नीट पाहिला आणि संडास कुठे बांधणार ते विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं. "मग टॉवर कुठे ठोकताय? माणूस रांगेत उभा असतो तिथूनच फोन करतो," काकू म्हणाल्या आणि चहा मागितला.

बेत मोठा होता. हॅकर म्हटलं की आमच्या नातेवाइकांना बँकेतले पैसे पळवणारे आठवतात. आमचे हॅकर म्हणजे यंत्र उघडून बघितल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही असे लोक. असे चारशे जण धारच्या पुढे, तिरल्याजवळच्या एका पडीक माळावर तीन दिवस तंबू ठोकून राहणार होते. माळ दोन टेकड्यांच्या मध्ये, कुठल्याच कंपनीचा सिग्नल तिथे पोचत नव्हता. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की मैदानातल्या कुठल्याही कोपऱ्यातून प्रथमोपचाराच्या तंबूत फोन लागला पाहिजे. नाही लागला तर मेळाव्याला परवानगी नाही. म्हणून आम्हीच तीन दिवसांपुरतं स्वतःचं मोबाइल नेटवर्क उभारणार होतो. बांबूवर अँटेना, खाली छोटं यंत्र, आमचीच सिमकार्डं. त्या उत्साहात मी तर महिनाभर कारखान्यात कामावर असतानाही बांबूंचाच हिशोब करत होतो.

काकू टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. घराणं देवासच्या जुन्या दरबारी कारकुनांचं, त्यामुळे मराठीही तशीच जपलेली. मला "चिरंजीव" म्हणत. दिल्लीहून चाचणीचा तात्पुरता परवाना मिळवायचा होता, तो अर्ज त्यांनीच लिहिला. आम्ही तो इंटरनेटवरून उतरवला होता. "सरकारला अर्ज करायचा तर त्यात तुमची गरज दिसली पाहिजे, हुशारी नव्हे," असं म्हणून त्यांनी चिन्मयची तीन पानं अर्ध्या पानावर आणली. परवाना आला तेव्हा चिन्मयने गच्चीवर नाचून घेतलं.

खरी खडाजंगी पुढे झाली. आमचं यंत्र एका वेळी दहा बोलणी पेलू शकत होतं. चिन्मयचं गणित असं की हॅकर मुळात बोलतातच कमी, टाइप करतात. दहा लाइनी खूप झाल्या. "काकू, सिम्युलेशनमध्ये तर सगळं बढिया येतंय," तो म्हणाला.

"तुझ्या सिम्युलेशनमध्ये बायका आहेत का?" काकूंनी विचारलं.

संक्रांत होऊन गेली होती आणि रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस होते. काकूंनी आपल्या महिला मंडळाचं हळदीकुंकू थेट त्या माळावर ठेवलं. देवासहून एक अख्खी बस आली. छत्तीस बायका जरीच्या साड्या सावरत ढेकळांतून चालत आल्या, आणि काकूंनी प्रत्येकीला हळदकुंकू लावून, तिळगूळ देऊन, वाण म्हणून हातावर एक सिमकार्ड ठेवलं. बांबू उभे करून यंत्र आम्ही चालू केलं होतं, जुने हँडसेट टोपलीत तयारच ठेवले होते. "आता सगळ्या लांब लांब जा आणि एकमेकींना फोन करा. अर्धा तास तरी बोला," काकूंनी फर्मान काढलं. अर्धा तास ही अट कोणालाही जड वाटली नाही.

नेटवर्क सुंदर चाललं. मी आणि चिन्मय पडद्यावर दहाच्या दहा लाइनी उजळलेल्या पाहून एकमेकांच्या पाठी थोपटत होतो. तेवढ्यात नाल्याकडून शशीताई नावाच्या बाई लंगडत आल्या. त्या ढेकळावरून घसरून पडल्या होत्या. गुडघ्याला खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. पण त्या चिडल्या होत्या. "पंधरा मिनिटं मी तुमच्या दवाखान्याचा नंबर फिरवतेय. सारखा एंगेज. ह्या सगळ्या उखाणे घेतायत फोनवर आणि मी तिकडे पडलेली."

फोन कुठूनही लागत होता, फक्त सगळे बोलत असताना लागत नव्हता, आणि ही साधी गोष्ट आमच्यापैकी एकाही इंजिनियरला सुचली नव्हती.

"एक लाइन रिकामी ठेवायची. तिच्यावर फक्त प्रथमोपचाराचा फोन जाईल, दुसरा कुठलाही नाही," काकू म्हणाल्या.

चिन्मयला ते पटेना. दहातली एक लाइन तीन दिवस नुसती बसवून ठेवायची म्हणजे त्याच्या जिवावर आलं. "काकू, यार, वेस्ट आहे ते. कोई यूज ही नहीं करेगा."

काकू एरवी थट्टेने बोलायच्या, त्या दिवशी शांतपणे बोलल्या. "मी नोकरीला नवी होते. लग्नसराई होती. खातेगावहून एक माणूस इंदूरचं हॉस्पिटल मागत होता आणि बाहेरगावच्या, ट्रंकच्या सगळ्या लाइनी भरलेल्या. कोण काय बोलतंय ते मला ऐकू येत होतं. बँड ठरला का, श्रीखंड किती आणायचं. एखादं बोलणं तोडायला हवं होतं. माझं धाडस झालं नाही. चाळीस मिनिटांनी लाइन मोकळी झाली तेव्हा तो म्हणाला, अब रहने दो, बहनजी." मग त्या पदर खोचून तिळगुळाचे डबे आवरायला लागल्या. चिन्मयने त्याच दुपारी यंत्रातली दहावी लाइन राखीव केली.

तपासणीला आलेले अधिकारी बेरकी होते. त्यांनी आम्हाला आणि मदतीला आलेल्या पोरांना नऊही लाइनी भरतील असं बोलत राहायला सांगितलं, स्वतः नाल्यापलीकडे गेले आणि तिथून प्रथमोपचाराला फोन लावला. पहिल्या घंटीला उचलला गेला. परवानगीच्या कागदावर सही झाली तेव्हा मला रडू यायचंच बाकी होतं.

आणि मग ते तीन दिवस. चारशे माणसं, रंगीबेरंगी तंबू, कोणी रेडिओ बनवतोय, कोणी शिवणयंत्राला कॉम्प्युटर जोडतोय. काकू आमच्या तंबूत यंत्रासमोर खुर्ची टाकून बसलेल्या, येणाऱ्या प्रत्येकाला नंबर देत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवरून खजिना शोधायचा खेळ सुरू झाला आणि पडद्यावर नऊ लाइनी एकदम भरल्या. लोक नंबर फिरवत पळत होते, सगळ्या माळावर नुसता कल्ला. चिन्मय काकूंना चिडवत म्हणाला, "देखो काकू, दहावी आत्ता उघडली असती तर अजून दोघं खेळले असते."

तो बोलत असतानाच दहावी लाइन उजळली.

चाळीस सेकंद ती तशीच होती. प्रथमोपचाराच्या तंबूतून डॉक्टर पिशवी घेऊन नाल्याकडे धावताना आम्हाला दिसले. जबलपूरहून आलेल्या एका मुलीला दम्याचा झटका आला होता, तिचा पंप तंबूत राहिला होता, फोन तिच्या मैत्रिणीने केला होता. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी आम्ही तिघेही पडद्यावरच्या त्या उजळलेल्या लाइनीकडे बघत होतो. लाइन पुन्हा मोकळी झाली.

काकू उठल्या. "तू बस इथे, चिन्मय. मी जाऊन येते."

"कुठे, काकू?"

"इतकी वर्षं मी लोकांना जोडून दिलं. पलीकडे काय झालं ते कधी बघायला मिळालं नाही."

आणि त्या चालू लागल्या, मग चक्क धावू लागल्या. मी मागे पळालो. नाल्याकाठी ती मुलगी डॉक्टरांनी दिलेला पंप ओढून टेकून बसली होती, ओठांवर रंग परत येत होता. काकू तिच्याजवळ मातीतच बसल्या आणि तिचा हात दोन्ही हातांत धरला. मुलीने गोंधळून विचारलं, "आप डॉक्टर हैं?"

काकूंचे डोळे वाहत होते. "नहीं बेटा," त्या म्हणाल्या, "मैं एक्सचेंज से हूँ."