पवळीच्या वाटणीचं तेल

बोलता बोलता ते एकदम हात वर करायचे. "थांबा बाई!" मग गाईकडे कान, आणि ढेकर ऐकू आला की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात. "गेला! चारा गेला हवेत." मग बोलणं जिथं तुटलं होतं तिथून पुन्हा सुरू.

पोलादपूरच्या जनावरांच्या दवाखान्यातले हे डॉक्टर. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. आंबेनळीच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात मी शाळामास्तरीण. वडील गेल्यावर घरात मी एकटी, आणि गोठ्यात चांदी नि पवळी. डॉक्टरही एकटेच. कधी गावचं, घरचं नाव काढायचे नाहीत.

त्यांचं म्हणणं असं, की गाय खाते त्यातलं बरंच पोटात वायू होऊन ढेकरांतून निघून जातं. खाण्यात थोडं तेल घातलं तर वायू कमी होतो, नि तेवढं गाईच्या अंगी लागतं. पुस्तकात वाचलेलं हे त्यांना आपल्या पेंढा खाणाऱ्या गाईंवर करून बघायचं होतं. वायू मोजायचं यंत्र इथं कोण देणार? "कान आहेत की, ढेकर मोजू," म्हणायचे. "हे जमलं ना बाई, तर वरचे लोक मला संशोधनाला बोलावतील. नाहीतर आहेच मग जन्मभर सुया टोचणं."

म्हणून प्रयोगाला माझ्या गाई. चांदीच्या कोंड्यात रोज पळीभर खोबरेल, पवळीला नुसता कोंडा. "पवळीला थेंबही नाही हं! दोघींतला फरकच तर बघायचाय." डबा ते महाडच्या बाजारातून आणत. शेजारच्या ठकूकाकीने कपाळाला हात लावला. "तुझी गाय खोबरेल खाते? आमच्या केसांना थेंब नाय गो!"

गुरुवारी नि रविवारी ते येत, तासभर गोठ्यात बसत. मी चहा नेई. खरं सांगू? आठवड्यातले बाकीचे दिवस मला लांबच लांब वाटायला लागले होते.

रोज तेल घालणं माझ्याकडे होतं. पहिल्याच दिवशी पवळीने चांदीच्या घमेल्याकडे मान लांबवली, हुंगलं, आणि माझ्याकडे बघत राहिली. आता तुम्हीच सांगा, एका पंगतीत बसवून एकीला वाढायचं नि दुसरीला नाही, ही कसली रीत? दोन दिवस मन घट्ट केलं. तिसऱ्या दिवशी माझ्या वेणीच्या बाटलीतलं पळीभर तेल पवळीलाही घातलं. मग रोजच. माझे केस केरसुणीसारखे झाले. गाईचा एक ढेकर न चुकवणाऱ्या त्या माणसाला ते काही दिसले नाहीत.

दीड महिन्याने डॉक्टरांनी वही मिटली. "दोघींचेही ढेकर कमी झालेत, बाई. अगदी सारखे. म्हणजे तेलाचा काही संबंध नाही. मध्ये पेंढ्याची दुसरी उडवी काढलीत ना, तिचाच गुण." आणि हसले. तसलं हसणं मला बघवलं नाही.

पोरं खोटं बोलली तर छडी उगारणारी मी! पण वेणीच्या बाटलीचं काही सांगितलं नाही. रागावले असते तर चाललं असतं हो, पण रागावून यायचेच बंद झाले तर? आणि प्रयोग संपला, तेव्हा ते यायचे बंद झालेच. पुढच्या उन्हाळ्यात कशेडी घाटापलीकडे कुठेतरी त्यांची बदली झाली. जाताना भेटले नाहीत.

बऱ्याच वर्षांनी, चांदी गेली होती, पवळी म्हातारी झाली होती, एका संध्याकाळी रेडिओवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात कुणी विद्वान सांगत होते, की गुरांच्या खाण्यात थोडं तेल घातलं तर पोटातला वायू कमी होतो. माझे हात पिठातच राहिले. अहो डॉक्टर, एकीत नव्हे, दोघींत खरं ठरलं होतं तुमचं! आणि ते फक्त मला ठाऊक होतं.

तशीच पिठाच्या हाताने गोठ्यात गेले. "पवळे, त्यांचं बरोबर होतं गो," म्हटलं, आणि रडू फुटलं. पवळीने ढेकर दिला. माझा हात आपोआप वर गेला, कुणाला तरी थांबवायला. गोठ्यात आम्ही दोघीच होतो.