छज्जे खरवडलेला कागद

मेश्रामकाकांच्या मुलीचा फोन आला, तेव्हा बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या नकाशांच्या ऑफिसात मी टेबलावर डोकं टेकून बसले होते. "दीदी, पापा नहीं रहे," एवढंच ती बोलली. मी "हो" म्हटलं, फोन ठेवला आणि पुन्हा डोकं टेकलं. रडूही आलं नाही, इतका थकवा... तीन आठवडे झाले, तो उतरतच नाही.

काका रेल्वेच्या ड्रॉइंग सेक्शनमधून रिटायर झालेले. बीरगावहून स्कूटरवर आमच्याकडे कामाला यायचे, वाटेतल्या उरला गावच्या कारखान्यांची काळी धूळ शर्टावर घेऊन. गेल्या वर्षी आमच्याकडे स्कॉटलंडमधल्या एका जुन्या हवेलीचे पुसट झालेले नकाशे नव्यानं काढायला आले. हातहात जाड दगडी भिंती, कोपऱ्यात गोल बुरूज, त्यात फिरत जाणारा जिना, उतरत्या छपराच्या कडांना दगडी पायऱ्या. काकांचा जीवच जडला त्या घरावर. "पोरी, या पायऱ्यायवर कोण चढत असन वं?" मी म्हटलं, "कावळे." दिवसभर हसत होते.

हात मात्र रेल्वे क्वार्टरांचाच. ट्रेसिंग पेपरवर शाईनं समोरची बाजू काढली, ती सगळ्या खिडक्यांवर छज्जे घालून. मी न बघताच पाठवून दिली. तिकडून विचारणा आली, खिडक्यांवर या फळ्या कसल्या? माझा तोल गेला. सगळ्यांसमोर म्हटलं, "काका, तिथं लोक उन्हासाठी तरसतात अन् तुम्ही छज्जे काढून राहिले? होत नसन तं घरी बसा ना." तपासायचं काम माझं होतं, हे मात्र गिळलं. "हव, चुकलंच," म्हणाले आणि ब्लेड घेऊन एकेक छज्जा खरवडत बसले. शाई निघाली, पण कागद जागोजागी पातळ झाला. शेवटी सगळं नव्या कागदावर काढावं लागलं.

ते काम संपलं त्या संध्याकाळी त्यांनी तो वाया गेलेला कागद माझ्या टेबलाजवळच्या पश्चिमेच्या खिडकीला टेपनं चिकटवला. "तुया खिडकीले छज्जा नाही. डोळ्यावर ऊन येते तुया. एवढं तं अडवन." मग त्यांना दम लागायला लागला, येणं बंद झालं. रविवारी बीरगावला जाऊन माफी मागू, असं मी दर आठवड्याला ठरवायचे आणि रविवारी झोपून राहायचे... लिहितानाही लाज वाटते.

कागद अजून तिथंच आहे. चारच्या सुमाराला मागून ऊन येतं, खरवडलेल्या जागा उजळतात आणि प्रत्येक खिडकीवर छज्जा दिसायला लागतो. काल मी उठून उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "काका, चूक माझी होती. मीच न बघता पाठवलं होतं." कामातून सगळ्यांनी मान वर केली. त्या दिवशी ज्यांच्यासमोर बोलले होते, ते सगळे हजर होते. फक्त काका नव्हते.