फुजाराची सुरुवात

इकडे परदेशात, पिस्कॅटवेला, आमच्या शेजारी एक स्लोव्हाक आजोबा राहतात. त्यांच्याकडे फुजारा आहे, म्हणजे तिकडच्या मेंढपाळांची बासरी. बासरी म्हणायचं एवढंच. उभी धरली की जवळजवळ त्यांच्याच उंचीची होते. भोकं मात्र तीनच. हल्ली आजोबांचा दम पुरत नाही, दिवसातून कसंबसं एक गाणं होतं. तरी आमच्या मंडळाच्या गणपतीत वाजवाल का, असं मी विचारलं तेव्हा ते हरखले. कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी सकाळपासून फोनवर बोलणंसुद्धा टाळलं, दम राखून ठेवायला.

फुजारावर गाणं एकदम सुरू करत नाहीत. आधी जोरात फुंकून अगदी वरच्या टिपेपासून सूर सरसर खाली सोडतात. मेंढपाळ डोंगराला सांगतो, मी आलोय. मग गाणं.

आजोबांनी ते सूर सोडले आणि आमच्या मंडळींना वाटलं, वाद्य लावताहेत. तबला लावताना गप्पा मारायची सवयच आहे आम्हाला. निवेदिकेने माइक उचलला. "कोणाची तरी सिल्व्हर मिनीव्हॅन गेट ब्लॉक करतेय, प्लीज मूव्ह करा. आणि जेवणाची लाइन डावीकडून आहे हं." मी हातवारे केले, पण बघतंय कोण. आजोबांनी बिचाऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून फुंकलं आणि दम घ्यायला थांबले. तेवढ्यात, संपलं असं समजून, टाळ्या, शाल, श्रीफळ, फोटो.

मी तडक कार्यक्रम बसवणाऱ्या काकांना गाठलं. "काका, त्यांनी अजून गाणं सुरूच केलं नव्हतं."

"मग इतका वेळ काय करत होते? आता मुलांचा डान्स आहे, ऑलरेडी लेट झालंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेच काका गवयाचा आलाप चालू असताना कोणी खोकलं तरी मागे वळून डोळे वटारतात. आपली संस्कृती टिकवायला हवी म्हणून दर मीटिंगला गळा काढतात. दुसऱ्याची संस्कृती स्टेजवर आली, तर तिच्यावर पार्किंगची सूचना.

परत येताना आजोबा गाडीत नारळ मांडीवर घेऊन बसले होते. श्वास अजून जड होता.

"चांगली माणसं आहेत तुमची," ते म्हणाले. "चूक माझीच झाली. पुढच्या वेळी सुरुवातीचं ते गाळून टाकतो."

इतकी वर्षं या देशात काढूनही त्यांनी जे सोडलं नव्हतं, ते आम्ही एका संध्याकाळी सोडायला लावलं. वर शाल घातली.